डावा समास

१

सौंदत्तीच्या यल्लम्माची शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी त्या खोलीत हजर होतो, या डोळ्यांनी बघितलंय. आता कोणी म्हणेल, त्या रविवारी तुम्ही चिकोडीला मेहुण्याकडं होता की, दाढ काढून घ्यायला. होय, होतो. दाढही काढली. पण सांगणारा हजर असल्याशिवाय गोष्ट खरी होत नाही, असा काही कायदा नाही. हजर असलेली माणसंच जास्त खोटं बोलतात. पटत नसेल त्यानं एकदा कोर्टाच्या आवारात साक्षीदारांच्या बाकावर बसून यावं.

तर, चिंतामणी हुक्केरीकर. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळा, तोंडानं कडू. तीस वर्षं भूमापनात काढली, लोकांच्या बांधावर साखळी टाकून भावाभावांत वैर लावलं, आणि मुदतीआधीच नोकरी सोडून बेळगावात, कॅम्पातल्या आपल्या घराच्या माडीवर कार्डं तपासायला बसला. कार्डं म्हणजे पूर्वी तंबाखूच्या पुड्यांतून, च्युइंगगमच्या पाकिटांतून चित्रं निघायची ती. क्रिकेटवाले, पैलवान, नट्या. पोरं ती जमवायची, एकमेकांत बदलायची. आता त्या पोरांना टक्कल पडलंय आणि हातात पैसा आलाय, त्यामुळं तीच कार्डं सोन्याच्या मोलानं फिरतात. पण आधी कोणीतरी गुण द्यावे लागतात, दहापैकी. निपाणीपासून हुबळीपर्यंत हे गुण चिंतामणीचे चालायचे.

बघायच्या गोष्टी चार. कोपरे, कडा, रंग आणि मध्य. पहिल्या तिन्ही जपणाऱ्याच्या हातात. चौथी मात्र छापखान्यातल्या कटिंगवाल्याच्या हातात असते. एका मोठ्या कागदावर चोवीस चित्रं छापायची आणि गठ्ठा मशीनखाली घालायचा. गठ्ठा जरा सरकला की चित्र जातं एका कडेला. चित्राच्या डावीकडचा पांढरा समास आणि उजवीकडचा समास सारखा, म्हणजे पन्नास-पन्नास, म्हणजे दहा. पंचावन्न-पंचेचाळीसपर्यंत डोळेझाक. साठ-चाळीस झालं की नऊ, सत्तर-तीसला सात. आणि नवात नि दहात फरक किती? म्हशीत आणि म्हशीच्या चित्रात असतो तेवढा.

म्हणून लबाड माणसं काय करतात, तर रुंद बाजूचा समास पात्यानं हलकेच उतरवतात. दोन्ही बाजू सारख्या. या धंद्यात याच्यापेक्षा मोठं पाप नाही. अशा कार्डाला चिंतामणी गुण देत नसे, त्याच्या कागदावर लाल शिक्का मारायचा – ‘कापलेलं’. आणि मारताना त्याच्या तोंडावर जे सुख दिसायचं, ते त्याच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

निपाणीचा नागेंद्र जुनी कार्डं डब्यांत बंद करून विकायचा. त्याला एका दिवसात असे अकरा शिक्के मिळाले होते, चाळीस लोकांसमोर. त्या दिवसापासून नागेंद्र वाट बघत होता.

२

सोमवारी युवराज आला. बोरगावच्या पलीकडं त्याचं शेत, पोटासाठी उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी. बँकेच्या पासबुकात घालून कार्ड आणलेलं.

“चप्पल खाली काढायची,” चिंतामणी मान वर न करता म्हणाला.

“खालीच काढून आलोय काका.”

“मग पाय पुसायचे.”

युवराजनं पाय पुसले. कार्ड टेबलावर ठेवलं. “हा आमचा आज्जा. रवळू पैलवान.”

चिंतामणीनं बघितलं आणि हातातलं भिंग खाली ठेवलं. तुरा छाप तंबाखूची पैलवान माला, चोवीस कार्डं, त्यातलं सतरावं. लाल रेघेच्या चौकटीत, हाताची घडी घालून उभा असलेला दांडगा गडी. हे सतरावं छपाईच्या कागदावर अगदी कडेला बसायचं. आजवर जगात पाच सापडली होती आणि पाचही डावीकडं कलंडलेली, सत्तर-तीस नाहीतर त्याहून वाईट. मधोमध असलेलं सतरावं कोणी बघितलेलं नव्हतं.

“आज्ज्यानं फोटोवाल्याला सांगितलंतं म्हणं,” युवराज म्हणाला, “मला मधी उभा कर, कडंला न्हाय. सगळ्या कार्डांत कडंलाच गेला. ह्या एकात तेवढा मधी हाय. म्हणून बाबांनी जपलं.”

“विकायचंय?”

“कोल्हापूरचा एक जण मागालाय. दहा असलं तर पैसं पायलीनं देतो म्हणतोय, नऊ असलं तर चिपट्यानं. विकीन, न्हाईतर न्हाई विकणार. पण आज्ज्याची किंमत तर कळू द्या.”

चिंतामणीनं आधी लांबी-रुंदी घेतली. ही फक्त एकदाच घ्यायची, कार्ड येतं त्या दिवशी. रुंदी बरोबर पन्नास मिलिमीटर. वहीत लिहिली. मग समासासाठी त्याची ती पारदर्शक फिल्म, बारीक रेघांची. कार्डावर ठेवली की डावं-उजवं प्रमाण थेट वाचता येतं, हिशेब नको, आकडेमोड नको.

पन्नास-पन्नास.

त्याची रीत अशी, की कार्ड सात दिवस लोखंडी कपाटात ठेवायचं. बेळगावची हवा ओली. कागद ती पितो, फुगतो, मग ठिकाणावर बसतो. रोज एकदा समास बघायचा, आणि सातव्या दिवशी पारदर्शक डबीत कायमचं बंद करून गुण द्यायचे. सात दिवसांआधी त्यानं बापाच्या कार्डालाही गुण दिले नसते. पण त्या दिवशी त्याचा हात शिवशिवला. फोटो काढून त्यानं कार्डं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला: ‘सतरावं. पन्नास-पन्नास. दहा.’ कारण त्या ग्रुपवर नागेंद्र होता.

नागेंद्रचं उत्तर मिनिटात आलं. ‘अण्णा, डोळं तपासून घ्या.’

“रविवारी येतो,” युवराज म्हणाला. “साडेअकराला.”

३

ते डोळ्याचं बोलणं चिंतामणीला जास्तच झोंबलं, कारण उजव्या डोळ्यात दोन महिन्यांपासून धुकं यायला लागलं होतं. हे फक्त पद्मजाला ठाऊक. ती त्याची बायको, समोरच्याच शाळेत गणिताची बाई. ती रोज म्हणायची, दाखवून घ्या. तो रोज म्हणायचा, तुझं तू बघ. डोळा गेला तर चिंतामणीकडं उरत काय होतं? मित्र नव्हते. मुलगा अनय फोन उचलत नव्हता. एक नजर होती आणि त्या नजरेचा लोकांना धाक होता.

मंगळवारी अकराच्या सुमारास तो माडीवर बसला होता. ही खोली त्यानं स्वतः आखलेली. भिंतींना फिक्कट निळा डिस्टेंपर. टेबल मधोमध, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून तीन-तीन फुटांवर, टेपनं मोजून. डावीकडं खिडकी, उजवीकडं फळी. समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली, साडेअकरा.

घंटेच्या मागोमाग एक आवाज आला.

सर्रर्र… आणि शेवटी, टक्.

पातळ, सरळ, कुठंही न अडखळलेला. डावीकडून आला. कोणी फरशी कापत असेल, चिंतामणीला वाटलं. उठून खिडकीतून बघितलं. खाली मोकळं आवार, वाळत घातलेल्या दोन चादरी, एक कुत्रं. कुत्रं उभं राहून वर बघत होतं.

मग त्यानं गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, कार्डावर फिल्म ठेवली.

एकावन्न-एकोणपन्नास. डावीकडं कमी.

त्यानं उजवा डोळा मिटून बघितलं, डावा मिटून बघितलं. चष्मा पुसला. एक टक्का म्हणजे काय, फिल्म ठेवताना हात हलला असेल. शिवाय एकावन्नलाही दहाच गुण मिळतात. त्यानं वहीत पन्नास-पन्नास लिहिलं.

माझ्या मते या माणसानं आयुष्यात वहीत लिहिलेलं हे पहिलं खोटं. मी असतो तर अशा खोट्यानं वह्या भरल्या असत्या.

४

बुधवारी त्रेपन्न-सत्तेचाळीस.

गुरुवारी सत्तावन्न-त्रेचाळीस.

आणि दोन्ही दिवशी घंटेनंतर तो आवाज. सर्रर्र, टक्. बुधवारी त्यानं शेजारच्या जयाबाईंना विचारलं, तुमच्याकडं सुतार आलाय का. जयाबाई म्हणाल्या, आमच्याकडं सुतार आला तर तुम्ही तक्रार करणार, म्हणून आम्ही दार मोडकंच ठेवलंय.

गुरुवारी तो आवाज यायच्या आधीच डाव्या भिंतीला कान लावून उभा राहिला. भिंत गार होती. घंटा झाली. आवाज भिंतीपलीकडून आला नाही. भिंतीतूनही आला नाही. भिंत आणि कान यांच्यामध्ये जेवढी जागा होती, तेवढ्यातून आला.

तो मागं सरला आणि तिथंच उभा राहून स्वतःशी मोठ्यानं बोलला, “डोळ्याबरोबर कानही गेला.” आणि हे बोलून त्याला बरं वाटलं. आजार असेल तर आजाराला औषध असतं.

कार्ड भिंगाखाली घेतलं. रवळू पैलवान तसाच होता. घडी घातलेले हात, मिशा, जाड मान. फरक एवढाच, सोमवारी तो समोर बघत होता. ज्या चित्रातला माणूस समोर बघतो, तो कुठूनही बघितलं तरी आपल्याकडंच बघतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. चिंतामणीनं कार्ड हलवलं, स्वतः हलला, मान वाकडी केली. रवळू त्याच्याकडं बघत नव्हता. त्याच्या डाव्या खांद्याच्या किंचित मागं बघत होता.

आणि कोणाकडं तरी ओळखीचं असल्यासारखं बघत होता.

चिंतामणीनं मागं वळून बघितलं नाही. कार्ड कपाटात ठेवलं, किल्ली गळ्यात घातली आणि जिना उतरताना दर पायरीला कठड्याला हात लावत गेला.

५

शुक्रवारी बासष्ट-अडतीस.

म्हणजे नऊसुद्धा नाही. फार तर आठ. ग्रुपवर त्याचा दहाचा शब्द पडलेला, रविवारी युवराज येणार, आणि म्हणणार, माझं कार्ड तुम्ही बदललं. आणि त्याच्या जागी चिंतामणी असता तर हेच म्हणाला असता.

दुपारी पद्मजा शाळेतून आली तसा तो जिन्यात उभा.

“कपाटाला हात कोणी लावला?”

“किल्ली तुमच्या गळ्यात आहे.”

“दुसरी करून घेतली असशील. तुला मी मोठा झालेला बघवत नाही.”

पद्मजानं पिशवी खाली ठेवली. “अहो, तुम्ही मोठे कधी झालात? मला सांगायचं तरी, मी पेढे वाटले असते.” मग तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि आवाज उतरवला. “काय झालंय?”

त्यानं सांगितलं. आवाजाचं सोडून सगळं. ती गणिताची बाई. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं.

“डावा समास कमी होतोय. मग उजवा वाढतोय का?”

चिंतामणी चष्मा पुसायला लागला.

“चित्र सरकलं तर एक कमी होणार, दुसरा वाढणार. नुसतं प्रमाण काय बघताय? रुंदी मोजली का?”

रुंदी. तो पायऱ्या चढून गेला. मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारा व्हर्नियर घेतला. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या जमिनी हाताहातानं मोजल्या, त्यानं पाच दिवस फक्त फिल्मकडं बघितलं होतं. कारण कार्ड काय वाढतंय की घटतंय?

अठ्ठेचाळीस पूर्णांक चार.

चित्र जागचं हललंच नव्हतं. उजवा समास सोमवारी होता तेवढाच होता. डाव्या बाजूनं कार्ड कापलं जात होतं. रोज थोडं, बंद कपाटात. कड अशी सरळ, की तिच्यावरून बोट फिरवावं आणि बोट कापावं.

त्यानं कपाटाचा कोपरान् कोपरा झाडला. कापलं तर कपटा पडायला पाहिजे. एकही कपटा नव्हता.

६

शनिवारी सकाळची शाळा. पद्मजा साडेसहालाच गेली. चिंतामणी आंघोळ करून वर गेला आणि टेबलासमोर बसून राहिला.

दहा वाजता त्यानं स्टीलची पट्टी काढली. पावणेअकराला नवं पातं काढलं, कागदातून सोडवलं. अकरा वाजता पातं परत ठेवलं. सव्वाअकराला परत घेतलं.

त्याचं मन वकिली करत होतं. डावीकडची चोरी माझी नाही. झालेलं नुकसान मी भरून काढतोय, बस. उजवीकडून एक पूर्णांक सहा मिलिमीटर घेतलं की पुन्हा पन्नास-पन्नास. डबीची आतली चौकट कडेवर बसते, आत रुंदी किती आहे कोणाला दिसत नाही. युवराजला त्याचा आज्जा मधोमध पाहिजे ना? मधोमध मिळेल. ज्यांच्या कागदांवर त्यानं लाल शिक्के मारले, ती सगळी माणसं हेच म्हणाली होती – अण्णा, हे आधीच वाकडं होतं, मी फक्त सरळ केलं.

पट्टी दाबून धरली. रवळूकडं बघायचं टाळलं. पातं वरच्या कडेला टेकवलं आणि एका दमात खाली ओढलं.

सर्रर्र…

पातं कागद संपवून टेबलाच्या लाकडावर उतरलं.

टक्.

चिंतामणीचा हात तिथंच राहिला. हा आवाज त्यानं चार दिवस ऐकला होता. हाच. याच लांबीचा, याच जोराचा. शेवटचा टक् याच सागवानी लाकडाचा.

आणि तेव्हा समोर शाळा सुटल्याची घंटा झाली. साडेअकरा.

तो तसाच बसून ऐकत राहिला. पोरांचा कालवा आला, गेला. त्या दिवशी दुसरा आवाज आला नाही. त्या दिवसाचं काम झालेलं होतं.

कापलेला कपटा जाळून टाकावा म्हणून काड्यापेटीसाठी त्यानं टेबलाचा खण ओढला. काड्यापेटीशेजारी चार पांढऱ्या पट्ट्या होत्या. केसाएवढीपासून सुरुवात करून एकापेक्षा एक रुंद, ओळीनं, वरची टोकं एका रेषेत लावून ठेवलेल्या. तो स्वतः ठेवतो तशा.

मीच का? त्याला वाटलं. मीच कापतोय आणि मलाच आठवत नाही? डोळा, कान, आता डोकं?

खाली पद्मजाचं कुलूप वाजलं. त्यानं आपली पट्टी त्या चारांच्या शेजारी, टोक जुळवून ठेवली. आणि ठेवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की जाळायची होती.

७

रविवारी सकाळी पद्मजा झाडायला वर गेली आणि तिथूनच ओरडली, “टेबल कशाला सरकवलंत? डावीकडून माझा झाडूसुद्धा जाईना.”

“टेबल हलवलेलं नाही.”

“मग भिंत हलवली असेल.”

तो वर आला. टेबलाचे चार पाय फरशीवरच्या त्याच्या चार खुणांवर होते. टेप लावली. उजवीकडं तीन फूट. डावीकडं दीड. खिडकीचा जो पडदा सरकवला की भिंतीला लागायचा, तो आता कोपऱ्यात चुरगळून पडला होता.

“तू खाली जा,” तो म्हणाला.

“जाते. पण ती माणसं गेली की आज डोळ्याचा डॉक्टर. रविवार असला तरी. मी बोलून ठेवलंय.”

ती गेल्यावर त्यानं खण उघडला. पाच पांढऱ्या पट्ट्या होत्या तशा होत्या. त्यांच्या शेजारी सहावी. वीतभर लांब, करंगळीएवढी रुंद, वरचं टोक बाकीच्यांशी जुळवलेलं. कागदाएवढीच पातळ. पांढरी नव्हती. फिक्कट निळी होती, आणि तिच्या एका टोकाला खिळ्याचं अर्धं भोक होतं.

डाव्या भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता. होता असं म्हणतोय. कॅलेंडर खाली पडलं होतं.

८

साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना युवराज आला. मागं नागेंद्र.

“नागेंद्रअण्णांस्नी साक्षीला आणलंय,” युवराज म्हणाला. “राग मानू नगासा.”

“साक्षीला माणूस आणतात,” चिंतामणी म्हणाला.

“व्हय, म्हणूनच आलो,” नागेंद्र म्हणाला आणि डाव्या भिंतीला कोपर टेकून उभा राहिला. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये त्याचं पोट जेमतेम मावत होतं. “खोली लई चिंचोळी हाय की अण्णा. नाव मोठं नि खोली छोटी.”

चिंतामणीनं बंद डबी पुढं केली. वर छापील चिठ्ठी: सतरा, पन्नास-पन्नास, दहा. पद्मजा चहा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

युवराजनं डबी दोन्ही हातांत धरली. बराच वेळ बघितलं.

“आज्जा वाळल्यागत दिसतोय.”

“डबीत तसंच दिसतं.”

“न्हाय काका. आज्ज्याच्या बाजूला ह्याच्यापरास जागा होती.” त्यानं मान वर केली. “तुम्ही फकस्त सांगा, ह्यो मधी हाय न्हवं? आणि जसा दिलता तसा हाय न्हवं? तुम्ही व्हय म्हटलासा तर मी उठून जातो.”

ते पोरगं खरंच उठून गेलं असतं. चिंतामणीनं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्याला तो शब्द जड गेला.

“होय,” तो म्हणाला.

“डबी फोडा,” नागेंद्र म्हणाला.

“बंद केलेली डबी फोडत नाहीत.”

“माझ्या अकरा डब्या ह्याच टेबलावर फोडल्या तुम्ही. चाळीस माणसांच्या म्होरं.” त्यानं हात लांब करून युवराजकडून डबी घेतली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. एका फटक्यात दोन भाग. टेबलावरचाच व्हर्नियर उचलून लावला. “सेहेचाळीस पूर्णांक आठ. वैनी, तुम्ही गणिताच्या बाई. वहीत सोमवारची रुंदी काय लिवलीय, वाचा.”

पद्मजानं चहाचा ट्रे फळीवर ठेवला. वही वाचली. तिला खोटं बोलता आलं असतं.

“पन्नास,” ती म्हणाली.

नागेंद्रनं लाल शिक्का शाईत दाबला आणि वहीच्या त्या पानावर, चिंतामणीच्या सहीवर मारला. कापलेलं. मग पुन्हा एकदा मारला, नुसताच, हौस म्हणून.

युवराज मात्र शिक्क्याकडं बघतच नव्हता. “माझ्या आज्ज्याला कापलासा?” एवढंच तो म्हणाला.

“डावीकडून मी नाही,” चिंतामणी म्हणाला. “उजवीकडून. फक्त उजवीकडून.”

रविवार. शाळा बंद. घंटा झाली नाही.

सर्रर्र…

चौघांनीही ऐकला. डावीकडून, अगदी वरून निघाला आणि खाली येत राहिला. आधीच्यांपेक्षा पुष्कळ लांब. कोणीतरी लांबलचक पट्टी दाबून धरून, श्वास रोखून, सावकाश ओढावं तसा. पद्मजाच्या ट्रेमधले चमचे थरथरले.

टक्. हा टक् फरशीवर झाला.

नागेंद्रनं कोपर भिंतीवरून काढलं आणि आपल्या बाहीकडं बघितलं. बाहीला खालची शिवण नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत कापड उघडं पडलं होतं, आणि एकही धागा लोंबत नव्हता. आतल्या हातावर एक बारीक, सरळ लाल रेघ उमटत होती, कोणी पट्टी लावून आखल्यासारखी. अकरा शिक्क्यांचा सूड घ्यायला आलेला माणूस जिना उतरून गेला. चप्पलही विसरला. त्याच्यामागं युवराज, आज्ज्याला शर्टाच्या आत छातीशी धरून.

९

“अहो, बाहेर या,” पद्मजा म्हणाली. ती दाराच्या बाहेर होती. आत पाय घालायची तिची हिंमत नव्हती.

चिंतामणी टेबलामागं उभा होता. त्यानं टेप काढली होती. स्वतःच्या छातीवर एक टोक धरून त्यानं आधी डावी भिंत मोजली, मग उजवी. ओठ हलत होते.

“बासष्ट-अडतीस,” तो म्हणाला.

“काय?”

“मी. मी कडेला आलोय.” आणि तो हसला. पद्मजा म्हणते, छत्तीस वर्षांत इतकं समजूतदार तो कधी हसला नव्हता. “घाबरू नकोस. उजवीकडचं थोडं घेतलं की झालं.”

त्यानं स्टीलची पट्टी उचलली, पातं उचललं आणि उजव्या भिंतीकडं गेला. जाताना पायानं दार लोटलं. कडी आतून पडली.

पद्मजा खाली आली. ती गणिताची बाई. हातांना काम दिलं की डोकं चालतं, हे तिला ठाऊक. तिनं भात उतरवला, आमटीला उकळी आणली, दोन पानं घेतली. वरून आवाज आला. या वेळी उजवीकडून. सर्रर्र, आणि टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग डावीकडून. मग उजवीकडून. मग डावीकडून. प्रत्येक वेळी मधली वेळ थोडी कमी.

शेवटी थांबलं.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि हाक मारली, “अहो, पान वाढलंय.”

“आलो,” आतून उत्तर आलं.

आता कबूल करायला पाहिजे. यल्लम्माची शपथ घेतलीय. यातलं थोडं मी पदरचं घातलंय. तुम्हाला वाटत असेल ती निळी पट्टी. नाही. ती पद्मजाबाईंच्या कंपासपेटीत आहे. मी हातात घेतलीय, खिळ्याच्या भोकावरून बोट फिरवलंय. नागेंद्रची बाहीही खरी. तो अजून हात झाकून हिंडतो.

पदरचा एकच शब्द आहे. ते ‘आलो’.